सत्तर हजार कार्षापणांचे आज किती झाले?

नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहावे लेणे पाहायला जाणाऱ्या पालघरकराने तिथल्या कोरीव अक्षरांपाशी थोडे थांबावे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपल्या दानधर्माची यादी कोरवून घेतली आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर त्याने उतारूंकडून काही न घेता नावा चालवल्या. दाहनुका म्हणजे डहाणूची नदी. यादीत शूर्पारक, म्हणजे सोपारा आहे. नानंगोल गावची बत्तीस हजार नारळीची झाडेही आहेत, आणि हे गाव म्हणजे उंबरगावजवळचे नारगोळ असे अभ्यासक मानतात. आजच्या पालघर जिल्ह्याचा आणि लगतचा किनारा लेखी हिशेबात आला तो असा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, नावा आणि नारळींच्या नोंदीतून.

त्याच लेण्यात एक मोठी रक्कम आहे. देवांना आणि ब्राह्मणांना दिलेले ७०,००० कार्षापण. ती वाचली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे आजचे किती?

प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो विचारणाऱ्याला हसण्याचे कारण नाही. पण त्याची जी उत्तरे दिली जातात त्यांत बरीच गंमत असते. किल्ल्यावरचा फलक, गावच्या यात्रेची स्मरणिका, मोबाइलवर फिरणारा मजकूर, सगळीकडे ‘तेव्हाचे इतके होन म्हणजे आजचे इतके कोटी’ असा हिशेब छातीठोकपणे मांडलेला दिसतो. त्यातला गुणाकार बहुतेक वेळा बरोबर असतो. गफलत होते ती गुणाकाराच्या आधी. जुन्या नाण्यात वजन असते, धातू असतो आणि खरेदीची ताकद असते. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटेने आजपर्यंत येतात, आणि हिशेब करणारा त्यांतली एकच वाट निवडून तीच खरी म्हणून सांगतो.

उषवदाताचा लेख हे पडताळून पाहायला फार सोयीचा आहे, कारण त्याने विनिमयाचा दरही कोरून ठेवला आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण, असे लेखातच म्हटले आहे. आता नहपानाचे चांदीचे नाणे घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे १९०६ साली त्याच्या तेरा हजारांवर नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले छाप पुन्हा मारलेले आहेत. या नाण्याचे वजन साधारण २.२ ग्रॅम भरते. म्हणजे सत्तर हजार नाण्यांची चांदी झाली १५४ किलो. सुवर्ण म्हणजे कुषाणांचे सुमारे आठ ग्रॅमचे नाणे धरले तर दोन हजार सुवर्णांचे सोने होते १६ किलो. लेखाच्या दृष्टीने या दोन्ही रकमा एकच. त्या बाजारात सोने चांदीच्या साधारण साडेनऊपट महाग होते.

आज तसे नाही. गेल्या काही वर्षांत सोन्याचा भाव चांदीच्या साठ-सत्तरपट ते शंभरपटीच्याही वर असा हेलकावत राहिला आहे. मध्ये कुठेतरी ऐंशीपट धरू. मग सोळा किलो सोन्याच्या आजच्या पैशांत जवळजवळ तेराशे किलो चांदी येते. म्हणजे उषवदाताचे दान चांदीच्या वाटेने आजपर्यंत आणले तर एक रक्कम येते, आणि सोन्याच्या वाटेने आणले तर तिच्या आठपट. दान एक, दाता एक, लेख एक, आणि दोन्ही उत्तरे काट्यावर तोलून काढलेली! शिवाय सुवर्ण म्हणजे कुषाण नाणे न धरता शास्त्रग्रंथांतले ऐंशी गुंजांचे, साडेनऊ ग्रॅमच्या आसपासचे वजन धरले, तर तीन किलो सोने आणखी वाढते. ज्याला दान मोठे दाखवायचे तो सोने धरील, ज्याला लहान दाखवायचे तो चांदी.

तर मग उत्तरच नाही का? आहे, आणि तेही त्याच लेण्यात. उषवदाताने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांतले दोन हजार गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनेकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. उरलेले एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असे लेख सांगतो. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कार्षापणाचाही फरक नाही. म्हणजे बारा कार्षापणांत एका भिक्षूच्या वर्षाच्या वस्त्राची सोय होते, असे दात्याने धरले होते. सत्तर हजारांकडे आता या अंगाने पाहा: जवळजवळ पाच हजार आठशे माणसांचे वर्षाचे कपडे. रुपयाचे चिन्ह कुठेही न लावता रकमेचा आकार समजला, आणि सोन्याचा भाव उद्या कितीही चढला-पडला तरी या उत्तराला धक्का लागत नाही.

कार्षापण किती ग्रॅमचा, हे सांगणे संशोधकाचे कामच आहे. पण कार्षापणात काय येत असे, ते सांगितल्याशिवाय ते काम पुरे होत नाही. आजच्या रुपयांतला आकडा मात्र या दोन्हींची जागा घेऊ शकत नाही. तो आकडा आजच्या सराफ बाजाराबद्दल बोलतो, नहपानाच्या काळाबद्दल काहीच बोलत नाही.

काही रूपांतरे मात्र निर्धास्तपणे करावीत. त्यासाठी बोईसरहून लांब जायला नको. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले तेव्हा किरणोत्साराची मापे क्युरी आणि रेम होती, आज बेकरेल आणि सीव्हर्ट आहेत. शंभर रेम म्हणजे एक सीव्हर्ट. एक क्युरी म्हणजे सेकंदाला तीन हजार सातशे कोटी विघटने, म्हणजे तितकेच बेकरेल. इथे वाद नाही, पाठभेद नाही. जुनी नोंदवही काढा, गुणा किंवा भागा, काम झाले. जुने आणि नवे एकक एकाच गोष्टीचे माप आहे आणि दोघांचीही व्याख्या लेखी आहे, म्हणून हे जमते. या दोन अटींपैकी एक जरी सुटली तरी गुणाकाराला अर्थ उरत नाही.

आपल्या घरातल्या मापांत ती नेहमी सुटते. बोईसरच्या सराफाकडे आज एक तोळा सोने मागितले की दहा ग्रॅम मिळते. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनाही ते ठाऊक असते, म्हणून कुणी कुणाला फसवत नाही. पण इंग्रजी अमदानीतला तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १८३५ च्या कायद्याने आलेला रुपया नेमका त्याच वजनाचा होता, त्यामुळे अनेक घरांत रुपयाच तोळ्याचे वजन म्हणून पारड्यात पडे. आजोबांच्या १९४० च्या वाटणीपत्रात ‘दहा तोळे’ लिहिले असतील तर ते ११६ ग्रॅमांच्या वर आहेत. शंभर ग्रॅम धरून भावाभावांत हिशेब झाला, तर सोळा ग्रॅम सोने कागदावरच हरवते.

मणाचे तर विचारू नये. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. सुरतेचा मण सुमारे १७ किलोचा. बंगालचा मण ८२ पौंडांच्या वर, म्हणजे ३७.३ किलोचा, आणि रेल्वेने मालासाठी धरला तो हाच. पालघर-बोईसरचा पट्टा मुंबई आणि सुरत यांच्या मधोमध आणि १८६० च्या दशकापासून रेल्वेच्या रुळावर. जुन्या पावतीवर नुसते ‘दहा मण’ दिसले तर ते सव्वाशे किलो असू शकतात किंवा पावणेचारशे. माल कुठला, कुणाला विकला, गाडीत चढला की बैलगाडीने गेला, हे कळल्याशिवाय किलोचा आकडा लिहिणारा अंदाजाला आकड्याचा पोशाख चढवत असतो.

त्यात पायली, अधोली, मापटे, चिपटे ही सगळी भरण्याची मापे, तोलण्याची नव्हेत. पायलीभर भात आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे नसते. जुना तांदूळ, नवा तांदूळ, उकडा तांदूळ यांतही फरक पडतो. आणि सर्वांत मोठा फरक शिगेचा. माप भरून वर धान्याची शीग उभी करायची की वर हात फिरवून सपाट करायचे, यावर पायलीमागे मूठ-दोन मुठी इकडच्या तिकडे होतात. घेताना शीग आणि देताना सपाट, ही सावकाराविरुद्धची तक्रार महाराष्ट्रभर जुनी आहे. पावसाळ्यात खावटीला भात उचलायचे आणि सुगीला सवाई-दिढीने फेडायचे, हा व्यवहार ज्यांच्या वाट्याला आला त्यांना माप म्हणजे काय ते कुठल्याही कोष्टकापेक्षा चांगले कळत होते.

हे काही आपल्याकडच्याच अडाणी गावगाड्यात घडत होते असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण हे माप चार प्रकारचे आहे: राजाच्या उत्पन्नासाठी २०० पलांचे, व्यापारासाठी १८७॥ पलांचे, वाटपासाठी १७५ पलांचे आणि अंतःपुरातल्या वाटपासाठी १६२॥ पलांचे. नाव एक आणि माप चार. सर्वांत मोठे घेणाऱ्याचे, सर्वांत लहान मिळणाऱ्याचे. ‘एक द्रोण म्हणजे इतके किलो’ असे पाठ्यपुस्तकी कोष्टक करणाऱ्याने आधी विचारायला हवे की द्रोण कोण कोणाला देतो आहे. विटोल्ड कुला या पोलिश इतिहासकाराने युरोपातल्या सरंजामी मापांवर एक पुस्तकच लिहिले. त्यातही शीग लावायची की सपाट करायचे यावरून जमीनदार आणि कुळे यांच्यात पिढ्यान्पिढ्या चाललेले भांडण आहे.

एकोणीसशे पंचेचाळीस साली जमीनदार आणि कष्टकरी यांच्यातले असेच भांडण तलासरी, उंबरगाव, डहाणूच्या रानात उघड्यावर आले. मे महिन्यात झरी इथे वारली जमले. वेठबिगार करायची नाही, आणि जमीनदाराच्या शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय काम करायचे नाही, असे ठरले. पुढे गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी आली. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह आदिवासी मारले गेले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ने हा लढा मराठी वाचकाच्या घरात पोचवला.

आता या बारा आण्यांचे आजचे किती? कोष्टकाप्रमाणे पंचाहत्तर पैसे. हे उत्तर शंभर टक्के बरोबर आहे आणि पूर्णपणे निकामी आहे. पंचाहत्तर पैशांसाठी लोक बंदुकीसमोर उभे राहिले, असे शाळकरी मुलाला सांगून काय कळणार? बरे, चांदीच्या वाटेने जाऊ. १८३५ पासूनच्या रुपयात १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी असे. युद्धकाळात, १९४० पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. म्हणजे १९४५ च्या बारा आण्यांत साडेचार ग्रॅमांहूनही कमी चांदी येते. चांदी निम्मी झाली म्हणून मजुराची मजुरी निम्मी मानायची का? त्याला कुणी चांदी मोजून देत नव्हते. तो बाजारात तांदूळ-मिठाचा भाव पाहत होता.

त्यापेक्षा मागणीच्या आतले प्रमाण पाहा. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे. बारा आणे रोजाने ते सव्वातीन रोजांहून थोडे जास्त होतात. म्हणजे माणसाने दिवसाला सुमारे दीडशे पौंड, अडुसष्ट किलो गवत कापले तर त्याला एक पुरा रोज मिळावा, असा या दोन मागण्या एकत्र ठेवल्यावर हिशेब निघतो. विळा हातात धरलेल्या कुणालाही हे लगेच समजेल. लढा किती साध्या गोष्टीसाठी होता, हे इथे दिसते. पंचाहत्तर पैशांत ते दिसत नाही. उषवदाताच्या चीवरासारखेच हे आहे. पैसा आपल्या काळातल्या कपड्याशी, धान्याशी, दिवसाच्या कामाशी बांधलेला असतो, आणि तिथून उचलून तो आजच्या दुकानात आणला की मुका होतो.

वसईकडच्या ख्रिस्ती वाचकांना याचे जुने उदाहरण परिचित आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचा धनी मजुरांशी दिवसाला एक दिनार ठरवतो. दिनारातल्या चांदीचे आज किती होतात हे काढत बसलो तर गोष्टीतला मुद्दा निसटतो. दिनार म्हणजे एका दिवसाचा रोज, एवढे कळले की पहाटे आलेल्या मजुराची कुरकुर पटकन उमजते.

रूपांतराची आणखी एक अडचण अशी की ‘आजचे’ फार लवकर कालचे होते. वसईचा प्रांत १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. तारापूर, माहीम, डहाणूही त्यांच्या ताब्यात आली, आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेपर्यंत, म्हणजे १७३९ पर्यंत राहिली. महसूल वसूल करायचा तर इथली मापे कळायला हवीत. म्हणून आंतोनियो नुनिश याने १५५४ साली वजने, मापे आणि नाणी यांचे पुस्तकच लिहून काढले. त्यात दीव, वसई, चौल, गोवा अशा बंदराबंदराची मापे आहेत, आणि ती समजावून सांगितली आहेत त्या काळच्या पोर्तुगीज मापांत. त्याच्या वाचकाला ते ‘आधुनिक’ होते. आजच्या वाचकाला आर्रातेल म्हणजे ४५९ ग्रॅम, असे आधी सांगावे लागते. रूपांतराचेच रूपांतर करावे लागते.

ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरने तर हे अधिक ठसठशीतपणे केले. त्यात रक्कम आधी पौंडांत येते आणि रुपये कंसात, दहा रुपयांना एक पौंड या दराने. त्या वर्षीसुद्धा रुपयाचा खरा दर दोन शिलिंगांच्या खाली, वीस पेन्सांच्या आसपास उतरला होता, आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत तो आणखी कोसळला. विलायतेतल्या साहेबाला समजावे म्हणून पुढे ठेवलेला आकडा सर्वांत आधी शिळा झाला. आज पालघरचा अभ्यासक ते गॅझेटियर उघडतो तेव्हा पौंड ओलांडून थेट कंसात जातो, कारण माहिती तिथे आहे. नशीब, कंस तरी ठेवला!

आपल्या सरकारनेही रूपांतर करून पाहिले आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून अधिकृत कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे आकडे ठरले. सोळा वेळा एकेक आणा देणाऱ्याचे शहाण्णव पैसे होतात, एकदम रुपया देणाऱ्याचे शंभर. दोन्ही नाणी एकाच सरकारची, दोन्ही एकाच वेळी चलनात, तरी चार पैसे कुठेतरी सांडलेच. मग दोन हजार वर्षांच्या अंतरावर किती सांडत असतील, याचा विचार व्हावा.

यावर एक रास्त आक्षेप येतो. सामान्य वाचकाला कार्षापण, द्रम्म, खंडी यांतले काही कळत नाही. त्याला काहीतरी आधार द्यायला नको का? द्यायलाच हवा. पण आधार म्हणून दिलेला खोटा आकडा वाचकाला अज्ञानात ठेवतो आणि वर ज्ञान मिळाल्याचे समाधान देतो, ते जास्त वाईट. शिवाय पुष्कळ दाने नाण्यांत नसतातच. तारापूरला खेटून असलेल्या चिंचणीत सापडलेल्या ताम्रपटांपैकी शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूटांच्या पदरी असलेल्या मधुमती या अरब अधिकाऱ्याचा उल्लेख करतो. त्यानेही नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि संजाणला अन्नछत्र घातले; तिथे भात, कालवण आणि तूप मिळे. शके ९५६, म्हणजे इ.स. १०३४ च्या दुसऱ्या ताम्रपटात चामुंडराजाने तिथल्या मठिकेला तेलाचा एक घाणा दिला आहे. दिव्याला तेल आणि आल्या-गेल्या विद्वानांच्या पायांना तेल, एवढ्यासाठी. या घाण्याची आजची किंमत कोणत्या यंत्रसामग्रीच्या दुकानात विचारायची? पण रोज जळणारा दिवा आणि पायाला लावायचे तेल, हे दान कुणालाही विनाभाषांतर कळते.

तेव्हा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी, फलक रंगवणाऱ्यांनी आणि शाळेत शिकवणाऱ्यांनी एवढे पथ्य पाळावे. मूळ माप आणि मूळ आकडा आधी, ठळक लिहावा. वजन ग्रॅम-किलोत द्यायचे तर कोणता तोळा, कोणता मण धरला ते सांगावे आणि शंका असेल तिथे ‘इतके ते इतके’ असे लिहायला लाजू नये. रक्कम असेल तर त्याच काळात त्या पैशांत काय मिळत होते ते शोधून जोडावे. आजच्या रुपयांचा मोह आवरतच नसेल, तर सोन्याने काढले, चांदीने काढले की मजुरीने, आणि कोणत्या वर्षीच्या भावाने, हे त्याच ओळीत लिहावे. तसे लिहायला लागल्यावर निम्मे कोटी आपोआप गळून पडतील.

आणि एक काम पालघर जिल्ह्यात अजून करता येण्याजोगे आहे. किनाऱ्यावरच्या वाडवळ, भंडारी, मांगेला घरांत, जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर लाकडी, पितळी पायल्या आणि मापटी अजून माळ्यावर पडलेली सापडतात. शाळांनी ती खाली काढावीत. गावचेच भात घेऊन प्रत्येक माप एकदा सपाट आणि एकदा शिगेसकट भरावे, काट्यावर तोलावे, त्यावर शिक्का असेल तर त्याचा फोटो घ्यावा, आणि कोणत्या गावात कुणाला देण्या-घेण्यासाठी ते वापरले जाई ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. व्यापारात किलोची वजने सक्तीची झाली १९६२ साली; त्या वेळी वीस वर्षांचा असलेला माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे. दिवाळीच्या सुमारास नवे भात घरात येते. शाळेला सुट्टी असते, तेव्हा हे काम याच दिवाळीत हाती घ्यावे.